वर्गाचे क्षेत्रफळ

छपराचे पत्रे बदलायला पंधरा दिवस, म्हणाला कंत्राटदार.
नोव्हेंबर होता, खाजनातली कापणी उरकलेली,
म्हणून बारा पोरं आणि एक चटई घेऊन
मी मानशीच्या दाराजवळ बांधावर गेले, करंजाखाली.
चोडणला अशी सावली मिळते,
तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

पत्रे बसले त्याला आता चौदा महिने झाले.
आत आम्ही हजेरीपट आणि तांदळाचा डबा ठेवतो.

खरं सांगते, मला चिखलाची किळस होती.
मी म्हापशाच्या बाजारातली, दुकानावरच्या माडीत वाढलेली,
पाय धुतल्याशिवाय पलंगावर चढायचं नाही ह्या शिस्तीतली.
पहिल्याच दिवशी घोट्यापर्यंत रुतले आणि किंचाळले.
ज्योस्लिननं, वय वर्षं चार, माझं बोट धरलं:
“टीचर, पांय ओडूं नाका. आदीं बोटां हालय.”
हलवली. चिखलानं मला सोडलं,
चप्पल ठेवून घेतली.
ओहोटीला अजून तिचा निळा पट्टा दिसतो.

एक ते दहा आम्ही तिसऱ्यांवर शिकतो.
पहिली तिसरी, दुसरी तिसरी, तिसरी तिसरी –
इथे सगळी हसतात
आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

सगुण मात्र कुर्ल्या मोजतो.
त्या बिळात शिरतात, दुसऱ्याच बिळातून निघतात,
बेरीज-वजाबाकी एकदमच चालू,
उत्तर कधीच येत नाही.
तो चिडत नाही.
आत असता तर पाटी फेकली असती.
फेकली होती. माझ्या भुवईवर खूण आहे.

पत्र्याखाली आवाज परत येतो,
त्याच्यावर आपला चढवायचा, मग पोरं त्याच्यावर त्यांचा.
सोळा वर्षं.
घशात गाठ आहे म्हणाला पणजीचा डॉक्टर,
मुगाच्या दाण्याएवढी.
परवा नळी घालून बघितलं, पुन्हा बघितलं.
“काय घेता?”
काही नाही, म्हटलं. ओरडत नाही.
इथे हाक जाते ती जातेच,
खारफुटीत कुठंतरी जाऊन बसते खंड्यासारखी.

आनाक्लेता, आमची मदतनीस,
अकरा वाजताच भिंतीला टेकून “देवा सायबा” म्हणायची.
आता पेजेचं भांडं डोक्यावर घेऊन पोरांच्या पुढे चालते.
गुडघ्यांचं मी विचारत नाही.
दुखतात, असंच म्हणेल,
तेवढा एकच दागिना आहे तिच्याकडे.

साप आला तर? विचारतात लोक.
आला होता. पोरं खुंटासारखी उभी राहिली, तो गेला.
तसा एकदा आतही आला होता,
तेव्हा सगळे बाकावर चढले,
सगळ्यात आधी मी.

मुख्यसेविका आल्या, फॉर्म घेऊन.
भिंतींचा रंग. पंख्यांची संख्या.
वर्गाचे क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये.
मी गप्प. काय सांगू?
ओहोटीला आमचा वर्ग वाढतो,
पुनवेच्या भरतीला चटईएवढा उरतो.
“धा,” म्हणाला सगुण.
त्याला तेवढंच येतं.
बाईंनी दहा लिहिलं, खाली सही केली,
आणि निघताना साडीचा काठ वर धरून
एक कुर्ली किती तरी वेळ बघत राहिल्या.

शर्वाणीच्या आईला काही पटलं नाही.
रोज युनिफॉर्म भिजवायचा, रोज नखं,
आणि अक्षर? अक्षर कधी काढणार?
खोटं नाही ते. आमची अक्षरं उशिरा येतात,
आणि काठीनं काढलेलं पाणी पुसून टाकतं.
तिला पलीकडे रायबंदरला घातलंय, भिंतींच्या शाळेत.
सकाळी साडेआठच्या फेरीत ती कठड्याशी उभी असते,
पांढरे मोजे, पांढरे बूट.
हात करत नाही.
बुटांच्या आत बोटं हलवते, म्हणते ज्योस्लिन.

मला एवढ्या लांबून दिसत नाही.